दोन होडक्यांचं वजन

आमच्याकडं टाकी घ्यायला आलेला माणूस आधी ती ठोकून बघतो, माठ घेताना बोटाच्या पेरानं वाजवतात तशी. मग एका कडेनं उचलायला जातो, आणि उचलली नाही की खूश होतो. फायबरच्या धंद्यात जड म्हणजे चांगलं, हे गिऱ्हाइकानं ठरवलेलं आहे. आमचा भावही वजनावरच. चिकट रेझिन किती गेलं, काचेच्या धाग्यांच्या मॅटचे थर किती, एवढ्यावर टाकीची किंमत निघते. आमचे मिस्त्री माझ्या लग्नाच्या आधीपासून शेडमध्ये आहेत. ते प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य ऐकवतात, “ठोक के देखो साब, वजन में कम निकली तो वापस लाओ.” आजवर कुणी वापस आणली नाही. एवढी जड टाकी परत उचलून आणणार तरी कोण?

शेड वाळूजला आणि घर बजाजनगरात. माझे वडील कचेरीत कारकून होते, हिशेब मला घरातूनच येत होता, त्यामुळं लग्न होऊन आले त्याच वर्षी माल मागवायचं आणि भाव पाडून घ्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. यांचं घर पैठणकडचं, शेतीवालं. हाताला काम कळतं, पण दुकानदाराशी घासाघीस करायची म्हटली की यांना घाम फुटतो. मला फुटत नाही. मी स्वस्तातलं घेते, न लाजता घेते, आणि घरी येऊन ते सांगतेही.

दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. आमच्या धंद्यात दुष्काळ हीच सुगी. शहर पडेगावच्या पुढं, वाळूजच्या पुढं, जिथं काल ज्वारी होती तिथं वाढत चाललं होतं, आणि नळ मात्र आठवड्यातून कधीतरी यायचा. जो तो गच्चीवर आणि जमिनीखाली पाणी साठवायच्या मागं. पाऊस पडला नाही की आमचा फोन वाजायचा. आमचा मुलगा मला चिडवायचा, “आई, खरं सांग, पाऊस पडू नये म्हणून तू उपास करतेस ना?”

तो इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. एकुलता एक. त्याला होडीचं वेड कुठून लागलं ते देव जाणे. समुद्र त्यानं एकदाच पाहिला होता, शाळेच्या सहलीत, आणि तिथंही त्याला उलट्या झाल्या होत्या. पण पैठणच्या धरणावर, नाथसागरावर वारा असतो, शेडमध्ये रेझिन असतं, मिस्त्री आहेत, बाप आहे, मग शिडाची होडी का नाही, असं त्याचं साधं गणित होतं. आणि होडी कसली, तर दोन होडक्यांची. दोन लांब अरुंद होडकी, मध्ये आडव्या नळ्यांनी जोडलेली. एका जेवणात त्यानं आमटीतल्या शेवग्याच्या दोन शेंगा ताटात समोरासमोर ठेवल्या, वर पापडाचा तुकडा आडवा टाकला आणि मला ती समजावली.

“साधी शिडाची होडी वाऱ्यानं कलते, म्हणून तिच्या बुडाला शिसं लावतात. तिला दहा किलो इकडं तिकडं झालं तर कळतसुद्धा नाही. ही कलत नाही, कारण ही रुंद आहे. तुझ्या हातातला चहा सांडणार नाही. पण हिला वजन सोसत नाही.”

“जड झाली तर बुडेल?”

“बुडणार नाही. पाण्यात खोल बसेल आणि चालणार नाही. मग तिला ओढायला मोठं शीड, मोठ्या शिडाला जाड डोलकाठी, जाड डोलकाठीला जाड नळ्या. वजन एकटं येत नाही आई, सगळं बिऱ्हाड घेऊन येतं.”

यांनी ताटातून मान वर न करता म्हटलं, “आपली मॅट हाये की शेडात. एक थर जास्तच मार. काय बिघडतंय?”

“पप्पा, टाकी जागेवर बसते. हिला चालायचंय.”

पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात हीच चर्चा. मॅट आणि रेझिन आमचं घरचंच, म्हणजे जवळजवळ फुकट, पण जड. प्लायवूड स्वस्त आणि बऱ्यापैकी हलकं, पण एखाद्या कडेतून पाणी शिरलं की आतून कुजतं. तिसरा होता फोम. ताठ, कडक पत्रे, मुंबईहून मागवायचे, दोन्ही बाजूंनी पातळ कापड आणि रेझिन लावायचं, की पाटासारखं कडक होतं आणि वजनाला काहीच नाही. त्याचा भाव ऐकून मी दुकानदाराला दोनदा विचारलं की हा एका पत्र्याचा भाव आहे की सगळ्यांचा. कार्बनचंही कापड मिळतं म्हणे. त्याचा भाव पोरानं मला सांगितलाच नाही, नुसता हसला.

शेवटी मी निकाल दिला. आडव्या नळ्या जिथं बसतात तिथं जोर येतो, तिथं आपली मॅट. बाकी सगळीकडं फोम. पण आत्ता एका होडक्यापुरताच, दुसऱ्याचा फोम टाक्यांचा सीझन संपल्यावर. त्यानं मला कडेवर उचलून घ्यायचा प्रयत्न केला आणि मी ओरडले.

पहिलं होडकं त्यानं एकट्यानं केलं. प्रत्येक थर दिल्यावर तो रबराच्या पट्टीनं जास्तीचं रेझिन निपटून जमिनीवर काढायचा. विकत घेतलेलं रेझिन फरशीवर ओघळताना बघून यांचा जीव कासावीस व्हायचा. हे उठून बाहेर जायचे. मिस्त्री कमरेवर हात ठेवून बघायचे आणि म्हणायचे, “बाबा, ये टाकी नई, पापड बन रा.” पापड साच्यातून निघाला तेव्हा दोघांनी सहज उचलला आणि शेडच्या कोपऱ्यात साखळीला टांगला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो गेला. रस्ता रुंद करायचं काम चालू होतं, वळणावर खडी पसरलेली, फलक नाही. गाडी घसरली. एवढंच मला सांगण्यात आलं आणि मीही जास्त विचारलं नाही.

मला काही वाटलं नाही. हे मी लपवत नाही. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल आपला राहत नाही, तशी मी सबंध झाले होते. भेटायला आलेल्या बायका रडायच्या आणि मी त्यांना पाणी आणून द्यायचे. तेरावं झालं आणि मी शेडमध्ये जाऊन बसले, कारण फोन वाजत होता. ऑर्डरी दणक्यात होत्या. मी भाव सांगायचे, घासाघीस करायचे, एका सोसायटीवाल्याशी भांडलेसुद्धा. “दगड आहे बाई,” असं कुणीतरी म्हटलेलं माझ्या कानावर आलं. मला त्याचाही राग आला नाही. खरंच होतं ते.

हे तर बोलायचेच बंद झाले. वाढलं तेवढं खायचे, सांगितलं तिथं जायचे. शेडच्या त्या कोपऱ्याकडं आम्ही दोघंही बघत नव्हतो. कामगार साखळीखालून जाताना वाकून जायचे आणि आम्ही लांबून वळसा घालायचो. घरी आम्ही एकमेकांना चहा दिला, भाजी विचारली, दार लावलंत का म्हणून विचारलं. बाकी काही नाही.

त्या वर्षीही पावसानं दगा दिला. पुढच्या उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की रेझिनची पिंपं लवकर रिकामी होतायत. चोरीचा संशय येऊन मी दुपारी न सांगता शेडमध्ये गेले, तर हे साच्यावर वाकलेले. दुसरं होडकं करत होते. मला विचारलं नव्हतं, फोम मागवला नव्हता. शेडमधली मॅट घेऊन थरावर थर, कोपरापर्यंत रेझिननं माखलेले. मिस्त्री रोलर फिरवत होते. त्यांनी मला बघितलं आणि डोळ्यानंच खुणावलं, बोलू नका. मी तशीच माघारी फिरले. मला तेव्हा नुसतं एवढंच सुचलं, की चोरी नाही ना, मग ठीक आहे.

ते साच्यातून निघालं तेव्हा शेडमधली सगळी माणसं हात लावायला आली. कडेची जाडी बघून मी विचारलं, “एवढं?”

“मजबूत केलंय,” हे म्हणाले. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा ते माझ्याकडं बघून एक पूर्ण वाक्य बोलले. “काय होत नाय आता त्याला. ट्रक गेला तरी काय होत नाय.”



मग दोन्ही होडकी पालथीच ठेवून नळ्यांनी जोडली आणि मधोमध साखळी लावून चेनपुलीनं उचलली. उचलताच यांचं होडकं फरशीला टेकूनच राहिलं आणि पोराचं वर गेलं. भाजीवाल्याच्या तागडीत एका बाजूला दगड आणि दुसरीकडं कोथिंबिरीची जुडी, तसं. एवढ्या वर्षांत आमच्या इथं जड झाला म्हणून कुठलाच माल बाद झाला नव्हता. एकानं उगाच साखळी तपासली.

मिस्त्रींनी डोकं खाजवून तोडगा काढला. “हल्के वाले पे तीन लेयर मार देते. बराबर हो जाएगा.” सगळ्यांना पटलं. हेही हो म्हणाले. दोन दिवसांचं काम, मॅट घरचीच, नवीन काही मागवायला नको. माझ्याकडं बघितलं ते नुसतं रीत म्हणून, कारण स्वस्तातल्या गोष्टीला मी कधी नाही म्हणत नाही.

मी वर गेलेल्या पोराच्या होडक्याखाली जाऊन उभी राहिले. वर्षभरात पहिल्यांदा. मान वर करून आत बघितलं. टोकाला, जिथं रोलर जात नाही, तिथं त्यानं कापड अंगठ्यानं दाबून बसवलं होतं. एकाशेजारी एक अंगठे उमटले होते, करंजीच्या मुरडीसारखे, आणि तसेच कडक झाले होते. रेषा दिसत होत्या. कामाचे मोजे कधी घालायचा नाही, त्यावरून मी किती बोलायचे त्याला.

“ह्याला कुणी हात लावायचा नाही,” मी म्हणाले.

“मग?” हे म्हणाले.

“तुमचं तोडा. दुसरं करू. फोम मी मागवते.”

“चांगलं बांधलेलं तोडू?”

“तोडा.”

“येडी झालीस काय? भाव ठावं हाये ना त्या फोमचा? तूच नाय म्हणत हुतीस.”

“होय, मीच. आता मीच सांगते.”

हे माझ्या अंगावर ओरडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, चारचौघांत कधी आवाज चढवला नव्हता. “माझ्या हातचं काय फुकटचं हाये? मी नाय बांधलं त्याच्यासाठी?” कामगार हळूहळू बाहेर सरकले. मीही ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, पण शेवटी एवढं म्हटलेलं आठवतं, की तुम्ही अजून शंभर बांधाल, त्याचं हे एकच आहे. त्यावर ते खाली बसले. मी बाहेर येऊन नळाखाली तोंड धुवायला गेले तर नळाला पाणी नव्हतं.

आठ-दहा दिवस पुन्हा अबोला. मी मुंबईला फोन केला आणि फोम मागवला. भाव पाडून घेतला नाही. दुकानदारालाच चुकल्यासारखं झालं असावं, त्यानं आपण होऊन थोडं कमी केलं. पैसा दुष्काळाचा होता, तो दुष्काळातच गेला. पण यांनी नाहीच म्हटलं असतं, तर तो फोम मी कुणाच्या हातून लावून घेणार होते? मिस्त्री यांच्या शब्दाबाहेर जात नाहीत. होडी तशीच तिरकी टांगून राहिली असती, आणि आम्ही दोघं तिच्याभोवती वळसा घालत म्हातारे झालो असतो.

फोमचे पत्रे आले त्या दिवशी सकाळी शेडमधून कटरचा आवाज येत होता. हे तोंडाला फडकं बांधून आपलं होडकं कापत होते. एकटेच. कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पांढरी धूळ भुवयांवर साठली होती. लांबट दोन तुकडे झाले, त्यांच्या उघड्या तोंडांना मिस्त्रींनी मॅट लावून ती बंद केली. दौलताबाद रस्त्याला पडेगावच्या पुढं जनावरांची छावणी लागली होती, तिथं यांच्या चुलतभावाची गुरं होती. ते दोन्ही तुकडे तिथं नेऊन हौद म्हणून ठेवले. मी नंतर एकदा जाऊन बघून आले. म्हशी पाणी पीत होत्या, एक तर हौदाला अंग घासत होती. हलला नाही तो.

तिसरं होडकं करताना यांच्या हाताला फार जड गेलं. मॅटचा तुकडा कापला की हात आपोआप दुसऱ्या तुकड्याकडं जायचा. मिस्त्रींचंही तेच. “थोडा और?” असं विचारायचे, आणि हे “नाय” म्हणायचे आणि रबराची पट्टी हातात घ्यायचे. फरशीवर रेझिन ओघळायचं. आता हे उठून बाहेर जात नव्हते. शेवटी काट्यावर दोन्ही होडकी एकापाठोपाठ एक ठेवली, तेव्हा काटा जवळपास एकाच जागी थांबला. यांनी दोनदा बघितलं आणि काट्याला फडक्यानं पुसलं.

नाथसागराला गेलो तेव्हा तिथं सागर नव्हता. टेम्पो भराव उतरून खाली तळात गेला, जिथवर जमीन कडक होती तिथवर. पुढं भेगाळलेला गाळ, मधे मधे शिंपले, आणि लांब, अगदी लांब, पाण्याची पट्टी. टेम्पोवाल्यानं पुढं न्यायला साफ नकार दिला. “रुतली तर कोण काढंल? नाय बा,” म्हणाला.

आम्ही चौघंच होतो. हे, मिस्त्री, टेम्पोवाला आणि मी. कामगारांना आणलं नव्हतं, टाक्यांची घाई होती. गाळावर ओढत नेलं तर होडक्याचं बूड घासणार.

मिस्त्री म्हणाले, “चार जने होना. कंधे पे लेंगे.”

पोराचं होडकं आधी काढलं. हे आणि टेम्पोवाला मागं, मिस्त्री पुढं, आणि पुढची दुसरी बाजू रिकामी. कुणी मला बोलावलं नाही. कुणी थांबवलंही नाही. मी पदर खोचला आणि खांदा लावला.

चालायला लागलो आणि दहा-वीस पावलांवर माझ्या ध्यानात आलं की मी काय करतेय. तो गेला त्या दिवशी मला फाटकापर्यंतच जाऊ दिलं होतं. दोन बायकांनी दंडाला धरून ठेवलं होतं, बायकांनी पुढं जायचं नसतं म्हणून. त्याला उचललं ते यांच्या भावांनी आणि त्याच्या मित्रांनी. आणि हे मडकं धरून सगळ्यांच्या पुढं चालत होते, कारण मडकं धरणाऱ्यानं खांदा द्यायचा नसतो. एवढी माणसं आली होती, सगळ्यांनी आळीपाळीनं खांदा दिला. फक्त आम्ही दोघांनी नाही.

मागून यांचा श्वास ऐकू येत होता. तो काही दमल्याचा श्वास नव्हता. मी मागं वळून बघितलं नाही.

निम्म्या वाटेवर मिस्त्रींनी हाक दिली आणि आम्ही होडकं गाळावर टेकवलं. अशा वाटेवर मधे एकदा खाली टेकवतात, विसावा म्हणतात त्याला, आणि मग माणसं जागा बदलून घेतात. मी ऐकलेलं होतं, बघितलेलं नव्हतं. उचलताना हे पुढं आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले, मिस्त्री मागं गेले.

टेम्पोवाल्याला बिचाऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. मी रडतेय एवढंच त्याला दिसलं. “ताई,” तो म्हणाला, “जड व्हत असंल तर सोडा. आमी तिघं नेतो.”

“जड नाय ते,” हे म्हणाले. “नेऊ द्या तिला.”